दीर्घ स्वराच्या खुणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर रोमन अक्षरांची नावे इंग्रजी वर्णमालेप्रमाणे घेतली आहेत: ए, ई, आय, ओ, यू. अक्षराच्या डोक्यावरची सरळ आडवी रेघ म्हणजे मॅक्रॉन. उजवीकडे चढणारी तिरकी रेघ म्हणजे ॲक्यूट. उलट्या व्ही-आकाराची खूण म्हणजे सर्कमफ्लेक्स आणि वर तोंड असलेला छोटा अर्धगोल म्हणजे ब्रीव्ह.

स्वराची लांबी म्हणजे नेमके काय? शब्दावर जोर दिला की स्वर लांबतोच ना?

लांबतो, पण ती लांबी वेगळी. इथे प्रश्न आहे तो उच्चाराला लागणाऱ्या वेळेमुळे अर्थ बदलतो का, हा. संस्कृतात ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. फरक फक्त इ आणि ई यांचा. फिनिश भाषेत ‘तुली’ म्हणजे आग, ‘तूली’ म्हणजे वारा आणि ‘तुल्ली’ म्हणजे जकात.

जोर, म्हणजे आघात, ही स्वतंत्र गोष्ट आहे. चेक, हंगेरियन आणि लाटव्हियन या तिन्ही भाषांत आघात साधारणपणे पहिल्या अक्षरावर पडतो, पण दीर्घ स्वर शब्दात कुठेही येऊ शकतो. त्यामुळे चेक शब्दाच्या शेवटी तिरकी रेघ दिसली म्हणून तिथे जोर दिला, तर उच्चार चुकतो. जोर सुरुवातीलाच द्यायचा आणि शेवटचा स्वर नुसता लांबवायचा.

मग देवनागरीत अशी वेगळी खूण का लागत नाही?

कारण देवनागरीत लांबी अक्षरातच आहे. अ-आ, इ-ई, उ-ऊ ही वेगवेगळी अक्षरे आहेत आणि व्यंजनाला जोडताना त्यांची रूपेही वेगळी होतात: काना, पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी, पहिला उकार, दुसरा उकार. ऱ्हस्व चिन्ह घ्यायचे आणि त्यावर लांबीची खूण चढवायची, अशी रचना इथे नाही.

अडचण येते ती ए आणि ओ यांच्यापाशी. संस्कृतात हे दोन्ही स्वर नेहमी दीर्घच असतात, म्हणून त्यांना ऱ्हस्व जोडीदार नाही. कन्नड, तेलुगू, तमिळ आणि मलयाळममध्ये मात्र ऱ्हस्व ए-ओ आणि दीर्घ ए-ओ यांनी अर्थ बदलतो. अशा भाषांतले शब्द देवनागरीत नेमके लिहिता यावेत म्हणून युनिकोड या संगणकीय अक्षरसंचात ऎ आणि ऒ ही अक्षरे व त्यांच्या मात्रा आहेत. रोजच्या मराठी लेखनात त्यांची गरज पडत नाही, पण दाक्षिणात्य भाषेचा कोश किंवा शिकण्याचे पुस्तक करत असाल तर ती वापराच.

कन्नड लिपीची पद्धत खरोखर पाहण्यासारखी आहे. ऱ्हस्व मात्रेच्या उजवीकडे एक स्वतंत्र दीर्घचिन्ह लावले की इ, ए आणि ओ लांब होतात; म्हणजे भारतीय लिपींतही लांबीची सुटी खूण सापडते. जुन्या तमिळमध्ये उलटी पद्धत होती: ऱ्हस्व ए-ओ वर बिंदू द्यायचा. हस्तलिखितांत तो बऱ्याचदा गळायचा आणि घोटाळा व्हायचा. १८व्या शतकात बेस्की या इटालियन जेझुइट (ख्रिस्ती) धर्मप्रचारकाने दीर्घ ए-ओ साठी वेगळी रूपे वापरात आणली, असे श्रेय त्याला दिले जाते.

मराठीत ऱ्हस्व-दीर्घ कानाला नीट कळत नाही. लिहिताना ठरवायचे कसे?

कानावर विसंबू नका, हेच पहिले सांगणे. बोलण्यातल्या मराठीत इ-ई किंवा उ-ऊ यांची लांबी बरीचशी शब्दातल्या जागेवर ठरते. अर्थ क्वचितच बदलतो. म्हणून नियमही जागेचेच आहेत, आणि बहुतेक चुका पुढच्या चार ठिकाणी होतात.

शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ: कवी, मती, गुरू, पाटी. ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’, ‘तथापि’ हे अपवाद. मात्र संस्कृतातून आलेला असा शब्द समासात पहिला आला की तो मूळ रूपात ऱ्हस्वच राहतो: कविवर्य, गुरुकुल.

शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार ऱ्हस्व: किडा, विळा, पाहुणा. तत्सम शब्द याला अपवाद: पूजा, परीक्षा.

शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा दीर्घ: फूल, मूल, वकील, गरीब. इथेही ‘गुण’, ‘विष’ असे तत्सम शब्द मूळ रूप सोडत नाहीत.

चौथी जागा सर्वांत जास्त चुकते. प्रत्यय लागून सामान्यरूप झाले की वरच्या गटातला दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो: फूल पण फुलाला, वकील पण वकिलाने, गरीब पण गरिबांना. तत्सम शब्द मात्र बदलत नाहीत: शरीर-शरीरात, गीत-गीताला, जीव-जीवाला. ‘शरिरात’ हे चुकीचे रूप सर्रास दिसते ते ‘वकिलाने’च्या सवयीमुळे. शब्द तत्सम आहे का, हे कोशात पाहून घेणे हाच खात्रीचा उपाय.

मॅक्रॉन कोणकोणत्या भाषांत लागतो?

रोजच्या लेखनात तो सक्तीचा आहे अशी ठळक भाषा म्हणजे लाटव्हियन. तिथे ए, ई, आय आणि यू या चार अक्षरांना मॅक्रॉन लागतो आणि ती ३३ अक्षरांच्या वर्णमालेतली स्वतंत्र अक्षरे मानली जातात. ‘पिले’ म्हणजे थेंब, ‘पीले’ म्हणजे बदक. शेजारच्या लिथुआनियनमध्ये मॅक्रॉन फक्त यूवर येतो. दीर्घ इसाठी वाय हे अक्षर वापरतात, आणि अक्षराखाली शेपटी असलेले जे स्वर पूर्वी अनुनासिक होते ते आज दीर्घ उच्चारले जातात.

न्यूझीलंडच्या माओरी भाषेत मॅक्रॉनला ‘तोहुतो’ म्हणतात. तो गाळला तर कधीकधी एकवचन-अनेकवचनच हरवते: ‘वहिने’ एक स्त्री, ‘वाहिने’ अनेक स्त्रिया; ‘तंगता’ एक माणूस, ‘तांगता’ अनेक माणसे; ‘मतुआ’ वडील, ‘मातुआ’ आईवडील. माओरी भाषा आयोग मॅक्रॉनची शिफारस करतो, तर वायकाटो भागात स्वर दोनदा लिहिण्याची परंपरा टिकून आहे. त्या भागातले नाव किंवा संस्थेचे नाव दुहेरी स्वराने लिहिलेले असेल तर ते तसेच ठेवावे. मॅक्रॉन घालून ‘सुधारू’ नये.

हवाईयनमध्ये याच खुणेला ‘कहाको’ म्हणतात. तिच्या जोडीला ‘ओकिना’ नावाची उलट्या स्वल्पविरामासारखी खूण दिसते. ते व्यंजन आहे, लांबीशी त्याचा संबंध नाही. दोन्ही खुणा लावल्या किंवा गाळल्या की शब्द पूर्ण बदलतो.

लॅटिन शिलालेखांत मॅक्रॉन दिसत नाही, पण पाठ्यपुस्तकांत असतो. असे का?

रोमन लोक मॅक्रॉन लिहीत नव्हते. काही शिलालेखांत दीर्घ स्वरावर ‘एपेक्स’ नावाची तिरकी रेघ असते, आणि दीर्घ आयसाठी इतर अक्षरांपेक्षा उंच आय कोरलेला असतो. पण तेही सगळीकडे नाही. आजचा मॅक्रॉन ही शिकणाऱ्यांसाठी आणि कोशांसाठी केलेली सोय आहे. ती घालणे न घालणे ऐच्छिक असले तरी शिकताना ती घ्यावीच: ‘मलुम’ म्हणजे वाईट गोष्ट आणि ‘मालुम’ म्हणजे सफरचंद, ‘लिबेर’ म्हणजे पुस्तक आणि ‘लीबेर’ म्हणजे स्वतंत्र. ‘पुएल्ला’ या शब्दाचा शेवटचा ए ऱ्हस्व असेल तर प्रथमा, दीर्घ असेल तर पंचमीसारखी विभक्ती.

एक उपयोगी नियम: लॅटिनमध्ये एन-एस आणि एन-एफ या जोड्यांच्या आधीचा स्वर नेहमी दीर्घ असतो. पुस्तकात तिथे मॅक्रॉन नसेल तर तो गळला आहे असे समजावे.

छंदातले लघु-गुरू आणि ऱ्हस्व-दीर्घ एकच का?

नाही, आणि ही गल्लत फार जुनी आहे. ‘सत्य’मधला ‘स’ छंदात गुरू धरतात कारण पुढे जोडाक्षर आहे. पण त्यातला अ ऱ्हस्वच आहे. लॅटिनमध्येही ‘एस्त’ हे अक्षर वृत्तात जड असते, तरी त्यातला ई ऱ्हस्व असतो. काव्याच्या पुस्तकात ओळीच्या वर दिलेल्या आडव्या रेघा आणि अर्धगोल हे अक्षराचे वजन सांगतात. त्या पाहून कोशात स्वरावर मॅक्रॉन घातला तर नोंद चुकते.

ॲक्यूट म्हणजे दीर्घ, असे म्हटले तर चालेल का?

चेक, स्लोव्हाक, हंगेरियन आणि आयरिशमध्ये चालेल. स्पॅनिशमध्ये अजिबात नाही. तिथे तो आघात दाखवतो. आइसलँडिकमध्ये त्याने पूर्वी लांबी कळायची, आज स्वराचा प्रकारच बदलतो. खूण ओळखण्याआधी भाषा ओळखा.

चेकमध्ये ‘पस’ म्हणजे पासपोर्ट, ‘पास’ म्हणजे पट्टा. दीर्घ यूसाठी मात्र दोन खुणा आहेत: शब्दाच्या सुरुवातीला, उपसर्गानंतर आणि समासातल्या दुसऱ्या शब्दाच्या आरंभी तिरकी रेघ, आणि इतरत्र डोक्यावर छोटे वर्तुळ. उच्चार दोन्हींचा सारखाच. वर्तुळ आले ते इतिहासातून: जुना दीर्घ ओ आधी ‘उओ’ झाला, नंतर दीर्घ यू, आणि वर लिहिलेल्या ओचे वर्तुळ उरले. काही परक्या शब्दांत हा जागेचा नियम मोडतो, तेवढे लक्षात ठेवावे.

स्लोव्हाकमध्ये एल आणि आर या व्यंजनांवरही लांबीची रेघ येते, कारण ती तिथे स्वरासारखी वागतात. शिवाय लागोपाठ दोन दीर्घ अक्षरे सहसा येऊ देत नाहीत. म्हणून चेकमध्ये ‘क्रास्नी’ शब्दाचा शेवट दीर्घ असतो आणि स्लोव्हाकमध्ये ऱ्हस्व.

हंगेरियनमध्ये दोन टिंबे असलेल्या ओ आणि यूचे दीर्घ रूप दोन तिरक्या रेघांनी दाखवतात. एका ओच्या चार रूपांनी चार शब्द होतात: साधा ओ असेल तर वय, एक रेघ असेल तर आजार, दोन टिंबे असतील तर वर्तुळ, दोन रेघा असतील तर पत्त्यांतला बदाम. जुन्या पश्चिम युरोपीय संकेतसंचात ही दुहेरी रेघ नव्हती. त्यामुळे आजही काही ठिकाणी तिच्या जागी नागमोडी टिल्डचा ओ किंवा सर्कमफ्लेक्सचा यू छापून येतो. हंगेरियन मजकुरात या दोन खुणा दिसल्या तर ती नक्की चूक आहे. हंगेरियनमध्ये टिल्ड आणि सर्कमफ्लेक्स नाहीतच.

आयरिशमध्ये या रेघेला ‘फादा’ म्हणतात. एका शब्दात ती असेल तर अर्थ गवत, नसेल तर माणूस. दुसऱ्या एका शब्दात असेल तर पॅन्ट, नसेल तर मोडलेले. कॅपिटल अक्षरांतही ती गाळत नाहीत.

सर्कमफ्लेक्स कुठे लांबी दाखवतो?

वेल्शमध्ये. ‘तान’ या शब्दावर तो असला तर अर्थ आग, नसला तर ‘पर्यंत’. ‘मोर’वर असला तर समुद्र. वेल्शमध्ये डब्ल्यू आणि वाय हेही स्वर असल्याने त्यांच्यावरही तो येतो, आणि जुन्या फॉन्टमध्ये नेमकी हीच दोन अक्षरे नसतात. फ्रेंचमध्ये लांबीचे हे काम आता जवळजवळ संपले आहे.

मॅक्रॉन दिसला पण दीर्घ स्वर नाही, असे कुठे होते?

चिनी भाषेच्या पिनयिन लेखनात मॅक्रॉन म्हणजे पहिला, सपाट उंच सूर. मध्ययुगीन लॅटिन हस्तलिखितांत अक्षरावरची रेघ बहुधा गाळलेला एम किंवा एन सुचवते. रोमन आकड्यावरची रेघ म्हणजे हजारपट.

जपानी नावांत मॅक्रॉन कधी, दुहेरी अक्षर कधी?

जपानी रोमनमध्ये लिहिण्याच्या हेपबर्न पद्धतीत तोक्यो, क्योतो, ओसाका या नावांतल्या दीर्घ ओ वर मॅक्रॉन येतो, तोक्योमध्ये दोनदा. दीर्घ इ मात्र बहुधा दोन आय लिहून दाखवतात: ‘ओजिसान’ म्हणजे काका, ‘ओजीसान’ म्हणजे आजोबा. कुनरेई या दुसऱ्या पद्धतीत मॅक्रॉनऐवजी सर्कमफ्लेक्स असतो. एका मजकुरात दोन पद्धती मिसळू नयेत.

मॅक्रॉनवरून मूळ जपानी लेखन ठरत नाही, हे विसरले जाते. तोक्योतला दीर्घ ओ हिरागाना या जपानी लिपीत ओपुढे उ लिहून दाखवतात आणि ओसाकातला ओपुढे ओ लिहून. टंकताना मॅक्रॉन न घालता हे मूळ स्वरच टंकावे लागतात. नाहीतर योग्य शब्द समोर येत नाही.

काताकाना या परक्या शब्दांसाठीच्या जपानी लिपीत वेगळी लांबीची रेघ आहे. ‘बिरु’ म्हणजे इमारत, ‘बीरु’ म्हणजे बिअर. उभ्या लेखनात ही रेघही उभी होते. तिच्या जागी संयोगचिन्ह, डॅश किंवा ‘एक’ या अर्थाचे चित्राक्षर टाकले तर डोळ्याला जवळजवळ सारखे दिसते, पण शोधात शब्द सापडत नाही.

संस्कृत आणि मराठी नावे रोमनमध्ये लिहायची तर कोणती पद्धत घ्यावी?

संस्कृत ग्रंथांसाठी आयएएसटी, म्हणजे संस्कृत रोमनमध्ये लिहिण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत. तिचा पाया १८९४ च्या जिनिव्हातल्या प्राच्यविद्या परिषदेत घातला गेला. तिच्यात देवनागरी आ, ई, ऊ यांच्या रोमन रूपांना मॅक्रॉन लागतो. ए आणि ओ दीर्घ असले तरी त्यांना लागत नाही, कारण ऱ्हस्व जोडीदार नाही. अनेक भारतीय भाषा एकाच पुस्तकात असतील तर २००१ चे आयएसओ १५९१९ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणक घ्यावे. तिथे ए-ओ वरही मॅक्रॉन येतो. या दोन पद्धतींची सरमिसळ ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. एकाच पानावर ‘देव’ शब्दावर कधी रेघ आणि कधी नाही, असे झाले की वाचक ऱ्हस्व-दीर्घाचा चुकीचा अर्थ लावतो.

साध्या कळफलकावर काम भागवायचे तर आयट्रान्समध्ये दोन ए किंवा कॅपिटल ए म्हणजे आ. हार्वर्ड-क्योटोमध्ये फक्त कॅपिटल ए. दुसरीत वाक्याचे किंवा नावाचे पहिले अक्षर सवयीने कॅपिटल केले की अ चा आ होतो. म्हणून त्या पद्धतीत आपोआप कॅपिटल करणारी सोय आधी बंद करावी.

टंकायचे कसे?

मोबाइलवर इंग्रजी कळफलकात स्वराचे अक्षर दाबून धरा; वर येणाऱ्या पर्यायांत मॅक्रॉनचे रूप असते.

मॅकवर ‘एबीसी एक्स्टेंडेड’ कळफलक निवडा, ऑप्शन आणि ए एकत्र दाबा, सोडा, मग हवा तो स्वर दाबा.

विंडोजवर माओरी कळफलक जोडून घ्या. डाव्या कोपऱ्यातली उलट्या अवतरणाची कळ दाबून मग स्वर दाबला की मॅक्रॉन येतो. वर्डमध्ये एकदाच लागणार असेल तर इंग्रजी आकड्यांत ०१०१ टंकून ऑल्ट आणि एक्स दाबा. ए वर मॅक्रॉन येईल. ई साठी ०११३.

लिनक्सवर कंपोझ कळ, मग अधोरेखा, मग स्वर.

वेबपानाच्या संकेतात थेट आकडा लिहायचा तर अँपरसँड, हॅश, आकडा आणि अर्धविराम असा क्रम. मॅक्रॉनसह लहान अक्षरांचे आकडे: ए २५७, ई २७५, आय २९९, ओ ३३३, यू ३६३. प्रत्येकातून १ वजा केला की कॅपिटल मिळते. हेही आकडे इंग्रजी अंकांतच टंकायचे.

रेघ अक्षराच्या बाजूला सरकते किंवा चौकोन दिसतो. कारण काय?

चौकोन म्हणजे फॉन्टमध्ये ते अक्षर नाही. फॉन्ट बदला, दुसरा इलाज नाही.

रेघ सरकण्याची कारणे दोन. एक, मॅक्रॉनच्या नावाचेच एक सुटे चिन्ह असते, जे स्वतःची जागा घेते आणि अक्षरावर बसतच नाही. दुसरे, अक्षरावर बसणारी जोडखूण योग्य असते, पण फॉन्टला तिची जागा माहीत नसते. शक्य तिथे एकसंध अक्षर वापरले की दोन्ही प्रश्न सुटतात. आयवर मॅक्रॉन आला की टिंब नाहीसे व्हायला हवे. टिंब आणि रेघ दोन्ही दिसत असतील तर फॉन्ट कच्चा आहे. छपाईआधी दीर्घ ॠ चे रोमन रूप तपासा: आर, खाली टिंब, वर रेघ. त्यावर फॉन्ट टिकला तर बाकीचे सहसा टिकते.

शब्द समोर दिसतो, तरी शोधात का सापडत नाही?

कारण एकच दिसणारे अक्षर दोन प्रकारे साठवता येते: एकसंध अक्षर म्हणून, किंवा साधे अक्षर आणि त्यामागे जोडखूण म्हणून. संगणकाला या दोन वेगळ्या अक्षरमाला वाटतात. उपाय म्हणजे सगळा मजकूर एकाच रूपात आणणे. युनिकोडमध्ये एकसंध रूपाला एनएफसी आणि सुट्या रूपाला एनएफडी म्हणतात. साठवणीसाठी एनएफसी ठेवा. वाचकांच्या शोधासाठी खुणा काढलेली प्रत वेगळ्या रकान्यात ठेवा, म्हणजे मॅक्रॉन न टंकणाऱ्यालाही नोंद सापडते.

वर्णानुक्रमाचे नियम भाषेगणिक वेगळे. चेकमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ स्वर एकाच जागी येतात आणि बाकी सगळे सारखे असेल तेव्हाच खूण पाहतात. हंगेरियनमध्ये साधा ओ आणि रेघेचा ओ एकत्र, पण दोन टिंबांचा आणि दोन रेघांचा ओ ही त्यांच्यानंतरची वेगळी जोडी. सूची करताना प्रणालीत भाषा निवडली नाही तर दीर्घ स्वराचे शब्द झेडच्याही खाली जाऊन पडतात.

खुणा काढून टाकल्या तर काय बिघडते?

पासपोर्टच्या यंत्राने वाचायच्या ओळींत त्या काढाव्याच लागतात; तिथे फक्त खुणा नसलेली रोमन अक्षरे चालतात. जपानी पासपोर्टवर ‘ओनो’ आणि दीर्घ ओ असलेले ‘ओनो’ ही दोन वेगळी आडनावे त्यामुळे सारखी होऊ शकतात. म्हणून नोंदवहीत मूळ नाव खुणांसह एका रकान्यात आणि यंत्रासाठीचे नाव दुसऱ्या रकान्यात ठेवा. खुणा काढणे एका क्षणाचे काम आहे; परत घालणे प्रत्येक शब्द भाषा जाणणाऱ्याला विचारूनच होते.

क्री आणि इनुक्तितुतमध्ये अक्षरावर टिंब असते, ते काय?

कॅनडातल्या या भाषांच्या अक्षरलिपीत तेच दीर्घत्वाचे चिन्ह आहे. स्वर अक्षराच्या दिशेवरून कळतो आणि लांबी वरच्या टिंबावरून. क्रीच्या रोजच्या लेखनात टिंब बऱ्याचदा गाळतात. इनुक्तितुत रोमनमध्ये लिहिताना त्याऐवजी स्वर दोनदा लिहितात.

ध्वनिलेखनात दोन ठिपके असतात ते विसर्ग किंवा अपूर्णविराम आहे का?

नाही. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत दीर्घासाठी समोरासमोर टोके असलेले दोन छोटे त्रिकोण असतात. फक्त वरचा असेल तर अर्धदीर्घ. अतिऱ्हस्वासाठी वर ब्रीव्ह. अपूर्णविराम टंकला तर दिसायला चालून जातो, पण ओळ तिथे तुटू शकते आणि शोध चुकतो.

प्लुत कसा लिहितात?

पाणिनीने उ, ऊ आणि ऊ३ यांच्या उच्चारकाळावरून ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत अशा तीन संज्ञा दिल्या (१.२.२७), परंपरेने त्यांच्या अनुक्रमे एक, दोन आणि तीन मात्रा धरतात. प्लुतासाठी स्वरानंतर ३ हा आकडा लिहितात, जसे ‘ओ३म्’. तो आकडा मोजणीचा नाही, त्यामुळे आधी-नंतर जागा सोडायची नाही. मराठी संवादांत हाक लांबवण्यासाठी ‘अरेऽऽ’ असा अवग्रह वापरतात. तो शास्त्रीय प्लुत नव्हे. किती अवग्रह द्यायचे हे लेखकच ठरवतो.